लांब उभी हरणी

माणसानं शब्द द्यावा, पण देताना तो नीट पाहून द्यावा, म्हणजे पुढं वेळ आली तर त्यातून वाट काढता येते. पौर्णिमानं आठ वर्षांपूर्वी जो शब्द दिला होता, त्यात ‘तोंड दाखवणार नाही’ एवढंच होतं. ‘डोळ्यांनी पाहणार नाही’ असं तिच्याकडून कोणी वदवून घेतलं नव्हतं. हे तिच्या लक्षात यायला मात्र आठ वर्षं लागली, आणि तेही सोहोळच्या अभयारण्यात, हातात विळा असताना.

सोहोळच्या माळावर काळविटांचं राज्य आहे. पावसाळा सरून गवत पिवळं पडलं की तिथं जाळरेषा काढतात. आग लागली तर ती पुढं सरकू नये म्हणून गवताचे लांबच लांब पट्टे कापून मोकळे करायचे, एवढंच ते काम. पौर्णिमा जवळच्याच गावातून रोजंदारीनं या कामाला येई. त्या दिवशी दुपार उतरल्यावर वनरक्षक अमरदीप मोटारसायकल थांबवून म्हणाला, “पौर्णिमाबाई, उद्या गवत राहू द्या. शायेची सहल येऊन राह्यली, शेलूबाजारकडली. पोट्ट्याईले पानी-बिनी पाहाले एक बाई पायजे.”

“कोनत्या गावची शाया?”

अमरदीपनं गावाचं नाव सांगितलं आणि तो निघून गेला. पौर्णिमाचा विळा तिथंच थांबला. ते तिच्या पहिल्या सासरचं गाव होतं. त्या गावच्या शाळेत सहावीच्या वर्गात तिची निकिता होती.

झालं होतं ते असं. पौर्णिमाचा नवरा शिवम मोटारसायकलवर शेलूबाजारला गेला, तो हायवेवरून परत आलाच नाही. निकिता तेव्हा दुडूदुडू चालत होती. वर्ष-दीड वर्षानं पौर्णिमाच्या भावांनी पाट लावायचं ठरवलं, कारंज्याकडच्या हरीओमशी. त्याचीही पहिली बायको गेलेली. सासूनं, म्हणजे गोजराबाईनं, पौर्णिमाला अडवलं नाही. रीतीप्रमाणे बाई दुसऱ्या घरी जाते, लेकरू बापाच्या घरी राहतं. गोजराबाई रीतच बोलली. “तू तरनीताठी हायेस, तुले कोनी धरून ठेवत नाही. पोरगी मातर माह्या शिवमची हाये, थे इथंच राहीन. आन् गेल्यावर इकळे तोंड दाखवू नोको. लेकरू मंग ना धड इकळचं राह्यत, ना धड तिकळचं.” पौर्णिमानं झोपलेल्या निकिताच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. लेकराच्या डोक्यावरची शपथ मोडली तर ती लेकरालाच बाधते, हे कोणाला सांगावं लागत नाही. म्हणून तिनं ती पाळली. त्या घराशी फोन नाही, भेट नाही. एकदा मामेबहिणीनं सव्वीस जानेवारीचा शाळेचा फोटो पाठवला होता, पण त्यातल्या पोरी ज्वारीच्या दाण्याएवढ्या. पौर्णिमानं तो बोटांनी मोठा करकरून पाहिला, तर सगळ्यांचीच तोंडं विरघळून गेली.

हरीओम माणूस चांगला निघाला. त्याचा पहिल्या बायकोचा मुलगाही तिला माय म्हणतो. त्यानं हाक मारली की तिला बरं वाटतं, आणि बरं वाटलं म्हणून लगेच वाईटही वाटतं. असं बाईचं मन, दोन चुलींवर एकच तवा.

संध्याकाळी भाकरी थापता थापता तिनं हरीओमला सहलीचं सांगितलं. तो जेवायचा थांबला.

“मंग जातेस?”

“शब्द देला हाये ना मी.”

“काय शब्द देला?”

“तोंड दाखवनार नाही म्हनून.”

हरीओमनं थोडा विचार केला. “उन्हाधुयीचं तं सगळ्याच बाया तोंड बांधतेत,” तो म्हणाला, आणि पुन्हा भाकरी मोडायला लागला.

सकाळी पौर्णिमानं मुरमुऱ्याचे लाडू बांधले. निकिता लहानपणी मुरमुऱ्याच्या लाडवासाठी जमिनीवर लोळण घ्यायची. ते सगळं तिला काल घडल्यासारखं आठवत होतं. ती लाडू पदराच्या टोकात बांधून निघाली. दुपट्टा तिनं असा गुंडाळला की डोळे तेवढे उघडे राहिले. वाटेत तिला एकाच गोष्टीची धास्ती होती: गोजराबाई सहलीला आली तर? आणि ती येणारच होती. गोजराबाई शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायची, आणि सहल कुठंही जावो, खिचडी शिजवायचा मोठा गंज आणि गोजराबाई गाडीत सगळ्यांच्या आधी चढायची.

लाल एसटी धूळ उडवत फाटकापाशी थांबली. आधी गंज उतरला, मग गोजराबाई. केस पार पांढरे झाले होते, चाल तीच. पौर्णिमा पाण्याच्या टाकीआड झाली. तिनं मनाशी हिशेब केला होता, जी पोरगी हिला ‘आजी’ म्हणेल ती निकिता. तोच बसमधून उतरलेलं पहिलं पोर ओरडलं, “आजी, खिचडी कवा?” मग दुसरं, मग तिसरं. सगळ्या शाळेची ती आजी होती. हिशेब तिथंच बोंबलला.

बरं, नावानं कळावं, तर तेही नाही. सोबतच्या मॅडमला एखादं पोर माळावर हरवेल याची इतकी धास्ती होती की त्यांनी त्या दिवसापुरती सगळ्यांची नावंच रद्द केली होती. “नंबर सात, रांगेत! नंबर बारा, चप्पल घाल!” असं चाललेलं. एकाच गणवेशातल्या, दोन-दोन वेण्यांच्या, लाल रिबिनी बांधलेल्या इतक्या पोरी. पौर्णिमा एकेक तोंड पाहत गेली. पोटची पोर आहे, पाहताक्षणी काळीज सांगेल, असं तिला आठ वर्षं वाटत आलं होतं. काळीज गप्प होतं. तिला स्वतःची भीती वाटली.

तेवढ्यात तिला तोरड्या दिसल्या.

एका गोऱ्या, गुटगुटीत पोरीच्या पायांत चांदीच्या जुन्या तोरड्या होत्या. पोरीला त्या सैल होत होत्या. डाव्या तोरडीची कडी तुटलेली, तिथं तांब्याची तार पिळून बसवलेली. ती तार पौर्णिमानं स्वतः बसवली होती, शिवमनं मोटारच्या वायरीतून काढून दिलेली. जाताना तिनं या तोरड्या लेकीच्या उशाशी ठेवल्या होत्या. सापडली.

आता माणसाला पाहायचंच असलं की सगळं दिसतं. या पोरीचं नाक शिवमचं. हसताना मान वाकडी करते तीही शिवमची. रंग कोणाचा, हा प्रश्न जरा अडला, पण सासऱ्याकडची एक आत्या गोरी होती.

“आता आयका,” अमरदीपनं पोरांना गोळा केलं. “आपुन हरनाईच्या घरी चाललो. आवाज नाही, धावनं नाही. आन् हातापायातलं जे जे वाजते थे काढून या मावशीजोळ द्या.”

गोरी पोरगी खाली बसली आणि तारेशी झटापट करू लागली. पौर्णिमा पुढं होणार होती, पण बाजूची काळीसावळी काडकुळी पोरगी तिच्याआधी वाकली आणि तिनं तार सोडवली. गोऱ्या पोरीनं तोरड्या पौर्णिमाच्या हातात दिल्या. तिची बोटं हाताला लागली. पौर्णिमानं तोरड्या कमरेला खोचल्या आणि पदराची गाठ सोडून सगळे लाडू त्या पोरीच्या ओंजळीत घातले.

“सगळे मले?” पोरगी म्हणाली.

पौर्णिमानं मान हलवली.

मग माळावरून रांग निघाली. पौर्णिमा पाण्याची कॅन घेऊन त्या पोरीच्या मागं मागं. पोरीची रिबीन सुटली तर हिनं बांधली, फ्रॉकला कुसळं लागली तर हिनं काढली. ती काडकुळी पोरगी सारखी मध्ये येत होती. तिच्या मनगटावर मोठं गुलाबी घड्याळ होतं आणि तोंडात प्रश्न. गवताले काय म्हनतेत? हरनं पानी कुठं पेतेत? काळं होते थो नर काहून? पौर्णिमाला तिचा वैताग आला. काही पोरं असतात अशी चोमडी, असं तिला वाटलं.

मनोऱ्यावर एका वेळी थोडीच पोरं चढत होती. वरून माळ दूरवर पसरलेला दिसत होता, आणि त्यात कळप. काळे नर, पिवळसर माद्या. कळपापासून बरीच लांब एक हरणी एकटी उभी होती. चरत नव्हती, हलत नव्हती.

“थे पाहा,” अमरदीप हळू आवाजात म्हणाला. “थे एकटी काहून उभी हाये? तिचं पिल्लू गवतात लपवून ठेवलं हाये तिनं. आन् स्वतः मुद्दाम लांब गेली. जोळ राह्यली तं तिच्या वासानं लांडगा येते, कुत्रे येतेत. म्हनून लांब राह्यते, तिकळे पाहतही नाही, का कोनाले समजू नाही. आपले लोक तुरीत पिल्लू पाह्यतेत, म्हनतेत मायनं टाकून देलं बिचाऱ्याले, आन् उचलून घरी आनतेत. सांजच्याले माय दूध पाजाले येते, तं जागा खाली. तुमी असं करू नोका.”

पोरं माना उंचावून गवतात पिल्लू शोधू लागली. घड्याळवाली मात्र म्हणाली, “सर, आन् थे मायच विसरली तं?”

पोरं हसली. अमरदीपही हसला. “हरनी विसरत नाही. शंभर पिल्लाईत आपलं वयखते.”

घड्याळवालीचं समाधान झालं नाही. ती कठड्याला रेलून त्या हरणीकडे पाहत राहिली, आणि मग शेजारी उभ्या पौर्णिमाकडे वळली. “मावशी, खरंच विसरत नाही?”

पौर्णिमाचं लक्ष गोऱ्या पोरीकडं होतं. ती बिचारी मागं अडकली होती, तिला काही दिसत नव्हतं. “काय माईत बाई,” पौर्णिमा म्हणाली. “विसरत असन एखांदी. तू सरक आता, तिले पाहू दे.” आणि तिनं काडकुळ्या पोरीला दंडाला धरून बाजूला केलं, आणि त्या जागी गोऱ्या पोरीला उभं केलं. त्यानंतर काडकुळीनं दिवसभर एकही प्रश्न विचारला नाही, हे पौर्णिमाला नंतर आठवलं.

दुपारी झाडाखाली पंगत बसली. पौर्णिमानं शक्यतो खिचडीच्या गंजापासून अंतर ठेवलं, पण पाणी तर द्यावंच लागणार होतं. ती वाकून गंजाजवळच्या बादलीत पाणी ओतत असताना गोजराबाईनं तिच्या हातांकडं पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग पळीनं खिचडी हलवत म्हणाली, “झाकन ठेव बाई बादलीवर. धूळ पडते.” पौर्णिमानं झाकण ठेवलं आणि लगबगीनं निघून गेली.

पण तिचा आनंद कमी झाला नव्हता. लेक दिसली होती, तिनं तिला लाडू दिले होते, रिबीन बांधली होती. एवढ्यावर पुढची आठ वर्षं काढता येतील, असं तिला वाटत होतं. आता फक्त निरोपाच्या वेळी तोरड्या तिच्या पायात आपल्या हातानं घालायच्या, म्हणजे भरून पावले.

ऊन कललं. बसनं हॉर्न दिला. मॅडमची मोजणी सुरू झाली. पोरं आपापल्या वस्तू घ्यायला पौर्णिमाभोवती जमली. पैंजणं, बांगड्या, एकाची तर शिट्टी. सगळं गेलं, तोरड्या राहिल्या. गोरी पोरगी बसच्या दाराशी उभी राहून लाडू खात होती, इकडं फिरकतच नव्हती. आणि समोर उभी राहिली ती घड्याळवाली.

“मावशी, तोरड्या द्या.”

“ज्याच्या हायेत त्याले देईन,” पौर्णिमा म्हणाली. “तिले धाडून दे.”

“माह्याच हायेत,” पोरगी म्हणाली. “योगिनीले सहलीपुरत्या घालाले देल्या होत्या. तिनं मले घड्याळ देलं. आता वापस केलं.” तिनं रिकामं मनगट दाखवलं. “माह्या मायच्या हायेत त्या.”

पौर्णिमा खाली बसली. समोर दोन काळेसावळे पाय होते, धुळीनं माखलेले. ते तिच्या स्वतःच्या पायांसारखे होते, अंगठ्याशेजारचं बोट लांब. सकाळपासून ती तोंडात शिवमला शोधत राहिली, आणि पोरगी तिच्यावरच गेली होती. आपलंच रूप आपल्याला ओळखू आलं नाही. ज्या पोरीला तिनं दंडाला धरून सरकवलं होतं, ज्या पोरीनं खास तिच्याकडं वळून एकच गोष्ट विचारली होती, ती ही.

“लाडू?” एवढंच तिच्या तोंडून निघालं. “लाडू भेटला का तुले?”

“हो. योगिनीनं अर्धे मले देले. चांगले होते.”

पौर्णिमाला रडू आलं. दुपट्ट्याचा तेवढा उपयोग झाला. तिनं तोरड्या काढल्या. उजवी घातली. डावी घालताना बोटांनी ती तार आपसूकच शोधली, अर्धा पीळ आत, टोक खाली दाबून, एका झटक्यात. निकिता वाकून पाहत होती.

“आजीले इतक्या लवकर नाही जमत,” ती म्हणाली. “मले शिकाले लय दिवस लागले. तुमाले कसं जमलं?”

पौर्णिमा तोरडीवरची धूळ पुसू लागली. निकिताची नजर तारेवरून पौर्णिमाच्या बोटांवर, बोटांवरून डोळ्यांवर आली आणि तिथंच थांबली.

“सकायी तू इचारलं होतं मले,” पौर्णिमा म्हणाली. “हरनी विसरते का म्हनून. मी सांगतलं थे खोटं होतं. विसरत नाही, बाई. चुकते एखांद्या वेळी. दुसऱ्याच पिल्लाले चाटत बसते येड्यासारखी. पन विसरत नाही.”

“मंग येत काहून नाही?” निकिता म्हणाली.

या प्रश्नाला अमरदीपजवळ उत्तर होतं, लांडग्याचं आणि कुत्र्याचं. पौर्णिमाजवळ फक्त शब्द होता, याच डोक्यावर हात ठेवून दिलेला. तिनं मान वर केली, तर निकिताच्या मागं गोजराबाई उभी होती, रिकामा गंज कमरेवर घेऊन. ती केव्हापासून उभी होती कोणास ठाऊक.

पौर्णिमा घाईघाईनं उठली आणि दोन पावलं मागं झाली. म्हातारीनं तोरडीच्या तारेकडं पाहिलं. मग नातीकडं. आयुष्यभर पोरांना वाढत आलेली बाई ती, कोण किती उपाशी आहे हे तिला ताटाकडं न पाहताही कळत असे. तिचा चेहरा काही मऊ झाला नाही. तिला भीती वाटत होती, आणि ती सरळ दिसत होती. शिवमच्या मागं तिच्याजवळ ही एवढी नातच उरली होती.

हॉर्न पुन्हा वाजला. मॅडम ओरडल्या, “नंबर एकोणीस कुठं आहे?”

गोजराबाईनं गंज खाली ठेवला.

“ऊन कललं बाई आता,” ती पौर्णिमाला म्हणाली. “धूळबी बसली. आता कायले तोंड बांधून राह्यली? सोड थो दुपट्टा.”

पौर्णिमानं दुपट्टा उलट आणखी घट्ट धरला.

“सोड म्हनते ना,” गोजराबाई म्हणाली. “मीच सांगून राह्यली.”

पौर्णिमाच्या हातांना गाठ सापडेना. तांब्याची तार डोळे मिटून बसवणारे हात, त्यांना साध्या दुपट्ट्याची गाठ सुटेना. शेवटी ती सुटली. वारा तोंडाला लागला. निकिता पाहत होती. रडली नाही, धावत आली नाही. नुसती पाहत होती, मघा कठड्यावरून त्या हरणीकडं पाहत होती तशी. गोजराबाईनं तिचा हात धरला आणि दुसऱ्या हातानं गंज उचलला. “चाल. मॅडम बोंबलून राह्यल्या,” ती म्हणाली, आणि दोघी निघाल्या. तोरड्यांचा आवाज बसच्या पायऱ्यांपर्यंत ऐकू आला.

बस वळली तेव्हा मागच्या खिडकीत एक तोंड होतं. ते आत गेलं नाही. फाटक, बाभळी, मग धूळ, आणि धुळीतही ते होतं, असं पौर्णिमाला वाटत राहिलं. हात हलवायचं तिला सुचलं नाही. अमरदीप येऊन कॅन उचलून घेऊन गेला. माळावर ती एकटी हरणी आता चालू लागली होती, गवतातल्या एका जागेकडं, अगदी सावकाश.

घरी हरीओम दारातच बसला होता. तिचं उघडं तोंड पाहून तो उठून उभा राहिला.

“दिसली का पोरगी?”

“दिसली,” पौर्णिमा म्हणाली. तिनं दुपट्टा खुंटीला टांगला, हातपाय धुतले, चुलीपाशी जाऊन बसली. तवा चढवला. मग पीठ मळता मळता म्हणाली, “आन् मीबी तिले दिसली.”